उतरलेले किलो कशाचे?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून माणूस घरी परतला की त्याला एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती उतरलं?’ वर्धा जिल्ह्यातले असे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठतात, काही दिवसांत परत येतात, आणि मग आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट इथल्या आपापल्या स्वयंपाकघरात उरलेला उपचार सुरू होतो. हा प्रश्न शेजारीण विचारते, घरातले मामाजी विचारतात, पंगतीत वाढणारा वाढता वाढता विचारतो. आहारतज्ज्ञ म्हणून या लोकांचं खाणंपिणं ठरवून देताना कितीतरी वर्षं मीही हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारत होते. माझ्या वहीत तारखेनंतरचा पहिला रकाना वजनाचा असे. काय खाल्लं, किती खाल्लं, ते नंतर. आता तो रकाना शेवटी गेला आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात वजन किती वेगाने उतरतं, हे मुख्यतः शस्त्रक्रियेवर आणि त्या शरीरावर ठरतं. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, आणि उतरलेलं पुढे टिकतं की परत चढतं, यात मात्र ताटाचा वाटा मोठा आहे. आपण उलटं करतो. वेगावरून ताटाचा निकाल लावतो, आणि काटा अडला की ताटातलं आणखी काढून घेतो. माझ्या मते या सगळ्या उपचारातलं सर्वात जास्त नुकसान इथे होतं.

आधी शस्त्रक्रिया नेमकं काय करते ते पाहू. ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी उरते. ‘बायपास’मध्ये जठराची जेमतेम तीसेक मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. जागा कमी झाली म्हणून खाणं कमी होतं, हे तर दिसतंच. पण भुकेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारं घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. आणि पोट भरल्याची जाणीव देणारी आतड्यातली संप्रेरकं दोन्ही शस्त्रक्रियांनंतर वाढतात. म्हणून पहिले काही महिने माणसाला भूकच लागत नाही. दिवसाला सहाशे-आठशे कॅलरी पोटात जातात आणि शरीराचा खर्च मात्र दोन हजारांच्या आसपास असतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोजची तूट तेराशे धरली तरी आठवड्याला सव्वा किलोच्या जवळपास वजन उतरणारच. त्यात कुणाच्या निग्रहाचा भाग फार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत याहूनही जास्त उतरतं, कारण शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे पाणी निघणं थांबतं, थोडं परतही येतं, आणि काटा आठ-दहा दिवस हलत नाही. शस्त्रक्रिया फसली, असं या आठ-दहा दिवसांत किती जणांनी ठरवून टाकलं असेल त्याची गणती नाही. मग कुणी दूध बंद करतं, कुणी रात्रीचं वरण सोडतं. पुढच्या आठवड्यात काटा हलतो तो आपल्या गतीने, पण श्रेय मिळतं सोडलेल्या वरणाला! ही चुकीची शिकवण एकदा मनात रुजली की काढताना नाकी नऊ येतात.

वेगाची तुलना तर त्याहून फसवी. ‘त्याचं त चाळीस किलो उतरलं, माझं तिसावरच अडलं,’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की उत्तराचं गणित मला तोंडपाठ आहे. एकाचं वजन १२० किलो होतं आणि एकीचं ९५. दोघांचंही वर्षभरात तीस टक्के उतरलं, तर त्याचे ३६ किलो जातील आणि तिचे साडेअठ्ठावीस. शरीराच्या हिशेबाने दोघं बरोबरीत आहेत; गावाच्या हिशेबाने ती हरली. त्यातही स्लीव्हपेक्षा बायपासमध्ये सरासरीने थोडं जास्त उतरतं, पुरुषांचं स्त्रियांपेक्षा वेगाने उतरताना दिसतं, तरुणांचं वयस्करांपेक्षा. आणि मधुमेहाची जुनी औषधं, विशेषतः इन्सुलिन चालू असलं तर वेग मंदावतो. यातलं काहीच ताटात नाही. तरी ‘तू जास्त खात असशील’ हा शेरा बसतो, आणि तो बहुधा सुनेलाच बसतो.

किलोंचा हा सोस गावापुरता नाही. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद ही तरुणी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली तेव्हा तिचं वजन सुमारे पाचशे किलो असल्याचं सांगितलं गेलं. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, पण त्याआधीच्या काही आठवड्यांतच शंभर किलोंहून अधिक वजन उतरल्याचं डॉक्टरांनी जाहीर केलं होतं; शरीरात साचलेलं पाणी हा त्यातला मोठा भाग. पुढे तिच्या बहिणीने उतरलेल्या वजनाच्या आकड्यांवरच शंका घेतली आणि वर्तमानपत्रांत काही दिवस किलोंचाच वाद रंगला. मे महिन्यात इमानला अबूधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. तिच्यावरच्या उपचारांचा न्याय करण्याचा मला अधिकार नाही आणि तिची अवस्था आपल्याकडच्या सामान्य रुग्णापेक्षा सर्वस्वी वेगळी होती. पण एवढ्या गुंतागुंतीच्या आजारात लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर आकडा. त्याआधी २०११ मध्ये नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली, तेव्हा नागपूर-वर्ध्याकडे या उपचाराचं नाव घरोघरी पोहोचलं. त्यातही पहिला प्रश्न तोच होता.

आकड्यापलीकडचं पाहायचं तर लांबचा पल्ला घ्यावा लागतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले सुमारे दोन हजार लठ्ठ लोक वर्षानुवर्षं तपासले गेले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं. दहाव्या वर्षी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलेलं होतं. म्हणजे थोडं परत चढलं, बरंचसं टिकलं. शस्त्रक्रिया झालेल्या गटातलं मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ चतुर्थांशाने कमी होतं, आणि या गटातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया आता मागे पडलेल्या जुन्या पद्धतीची होती, तिने वजन बायपासपेक्षा कितीतरी कमी उतरतं. जास्तीत जास्त किलो उतरवले नाहीत तर फायदा नाही, ही समजूत इथेच ढिली पडते. मधुमेहाचं तर आणखी स्पष्ट आहे. बायपासनंतर पुष्कळांची रक्तातली साखर वजन फारसं उतरण्याआधी, काही दिवसांतच सुधारू लागते. काटा त्या वेळी जवळपास तिथेच असतो.

आता किलो कशाचे, या प्रश्नाकडे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या हाडामांसात स्नायू मुळात कमी आणि चरबी जास्त, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. म्हणून तर आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ ३० ऐवजी २५ बीएमआयवर ओढतात, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांना साडेसत्तावीसपासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय खुला केला. आता या शरीरावर शस्त्रक्रियेनंतरचा वेग लावून पाहा. उतरणाऱ्या वजनात साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा चरबीचा नसतोच. तो स्नायू, पाणी आणि इतर ऊतींचा असतो, आणि त्यातला जास्त भाग पहिल्या काही महिन्यांतच जातो. थोडं जाणं साहजिक आहे, कारण जड शरीर वाहून नेण्यासाठी वाढलेला स्नायू हलक्या शरीराला तेवढा लागत नाही. पण मुळात ज्याच्या गाठीला स्नायू कमी, त्याने तो उधळून चालत नाही. त्यात आपल्या बायकांची सुरुवातच कुठून होते ते पाहा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. शंभर किलोंची बाई खाऊनपिऊन सुखी असेल असं बघणाऱ्याला वाटतं. रक्ताचा अहवाल हाती आला की ती उपाशी निघते. अशा बाईचे तीस किलो भराभर उतरले आणि त्यातले दहा स्नायूंचे असले, तर काटा तिला शाबासकी देईल आणि जिना तिला खरं सांगेल.

म्हणून ताटाकडे. पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवडे दूध-ताक-सूप असं दाट पातळ, पुढे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न थोडं थोडं. हा क्रम शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लिहून देतात आणि जागोजागी तो थोडाफार बदलतो. गोंधळ क्रमात होत नाही, ‘पातळ’ या शब्दात होतो. आपल्याकडे आजारी माणसाचं पातळ म्हणजे वरणाचं पाणी, भाताची पेज, पाणीदार ताक, नारळपाणी, संत्र्याचा रस. यातलं एकही स्नायू राखणारं नाही. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं दाट वरण केलं तर त्यात साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्याच डाळीचं वरवरचं पाणी गाळून दिलं तर नावाला एखादा ग्रॅम. तीच डाळ शिजवून घोटून, चाळणीतून काढून दिली तरी पातळच असते. दुधात साय काढलेल्या दुधाची दोन मोठे चमचे पावडर कालवली तर त्याच पेल्यात सहा-सात ग्रॅम वाढतात आणि पेला तेवढाच राहतो. महिना-दोन महिन्यांनंतरचा माझा साधा हिशेब असा: दोन अंडी १२ ग्रॅम, दूध-दही मिळून चारशे मिलिलिटरचे १३, पन्नास ग्रॅम पनीरचे ९, दाट वरणाच्या वाटीचे ६, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचे १५, आणि नीट चावून खाता येऊ लागले की मूठभर फुटाण्यांचे ५. साठ झाले. यात भाकर नाही, भात नाही, याचं घरच्यांना फार वाईट वाटतं. पण मुठीएवढ्या जागेत आधी कोण बसणार, एवढाच प्रश्न आहे. आधी प्रथिनांचा घास, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट, दिवसभरात दीड लिटर तरी. वाटीभर जेवण वीस-पंचवीस मिनिटांत. विदर्भातल्या घाईच्या पंगतीत, जिथे पाचव्याच मिनिटाला मागचा माणूस उठण्याची वाट पाहत उभा असतो, तिथे हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

इथे पैशांचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रथिनांच्या पावडरचे डबे महाग असतात, आणि शस्त्रक्रियेवर आधीच मोठा खर्च झालेला असतो. पहिल्या महिन्यात, जेव्हा पातळाशिवाय काही जात नाही, तेव्हा पावडर खरंच उपयोगी पडते. तेवढा महिना ती घ्यावी. पुढे मात्र वर्धा जिल्ह्याने तरी प्रथिनं महाग म्हणू नयेत. आपल्या शिवारात कापसाबरोबर सगळ्यात जास्त दिसतात ती सोयाबीन आणि तूर. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, आणि ते आपण पोत्यांनी बाजार समितीत नेऊन घालतो आणि आजारी माणसासाठी नागपूरहून डबा आणतो. सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं पचत नाही, हे खरं. पण भिजवून कुकरमध्ये नीट शिजवलं, किंवा वड्या गरम पाण्यातून पिळून चुरून भाजीत घातल्या, तर तो प्रश्न मिटतो. वऱ्हाडी हाताला बेसनाचं पिठलं, पाटोडी, मुगाची डाळभाजी शिकवावी लागत नाही. तर्री मात्र काढावी लागते, आणि या एका मुद्द्यावर मला आजवर कोणत्याही घराने मनापासून माफ केलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो जाणकारांकडून येतो. पहिल्या तीन-सहा महिन्यांत ज्यांचं वजन जास्त उतरतं त्यांचं पुढेही जास्त उतरलेलं दिसतं, मग वेगाला महत्त्व नाही असं कसं म्हणता? निरीक्षण खरं आहे. पण ते निदान आहे, उपाय नाही. ज्याचं शरीर शस्त्रक्रियेला चांगला प्रतिसाद देतं त्याचं आधीही उतरतं आणि नंतरही. ताप लवकर उतरलेला रुग्ण लवकर बरा होतो, म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून चालत नाही. वेग उपासाने वाढवायला गेलं तर त्याची किंमत मोजावी लागते. वजन आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने उतरू लागलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर पहिले सहा महिने त्यासाठी गोळी देतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात; ते बहुतेकांचे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर गळणं लांबतं. सर्वात गंभीर म्हणजे बी-१, थायामिन. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच. सतत उलट्या होत असतील आणि पोटात काही ठरत नसेल, तर हा साठा संपून मेंदू आणि नसांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. उलट्यांमुळे वजन भराभर उतरतं, घरचे खूश होतात, आणि नेमकं तेव्हाच दवाखान्यात धावायला हवं असतं. वेगावर नजर ठेवायचीच असेल तर ती या भीतीने ठेवावी.

तिसरा आक्षेप स्वतः आहारशास्त्राने घेतला आहे. प्रथिनं जास्त खाल्ली की स्नायू वाचतात, याचे पुरावे एका सुरात बोलत नाहीत. काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत फारसा नाही. मी हे लपवत नाही. नुसती प्रथिनं पुरेशी नाहीत, असाच त्याचा अर्थ मी घेते. स्नायूला काम दिलं तरच तो आपली जागा सोडत नाही. वजन उचलण्याच्या व्यायामाने शस्त्रक्रियेनंतरची ताकद वाढते, हे जास्त खात्रीने सांगता येतं. त्यासाठी जिमच लागते असं नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन उचलणं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एवढ्यापासून सुरुवात होते. फिरायला जाणं चांगलं, पण ते याची जागा घेत नाही. ‘घरचं काम काय कमी असते?’ असं उत्तर मिळतं. असतं, खूप असतं. पण ते काम रोज तेवढंच असतं, आणि स्नायूला थोडं थोडं वाढत जाणारं काम लागतं.

आणि मग सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी जिथे राहिले, त्या गावापासून हाकेच्या अंतरावर ‘खा, आणि मोजून पुरेसं खा’ असं सांगणं काहींना विसंगत वाटतं. अस्वाद हे एकादशव्रतांतलं एक व्रत. उपासाला इथे मान आहे. पलीकडे पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये अन्नपाणी सोडून देह ठेवला. कमी खाणं म्हणजे पुण्य, ही भावना या मातीत खोल आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर भूकच नसलेल्या माणसाला ती फार सोयीची पडते. चातुर्मास, एकादशी, श्रावणी सोमवार आणि या उपासांना साबुदाणा, ज्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. पण गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार तोलून दिला आहे. त्यात सर्वात वर दोन पौंड गाईचं दूध आहे आणि धान्य अवघं सहा औंस. दोन पौंड दुधात साधारण तीस ग्रॅम प्रथिनं होतात, आमच्या साठाच्या निम्मी. तुपाचा आणि गुळाचा आकडा मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवत नाही, तो भाग वेगळा. अन्न चवीसाठी नाही, शरीर चालावं म्हणून औषधासारखं मोजून घ्यायचं, हा त्यांचा आग्रह शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाला जितका लागू पडतो तितका इतर कुणाला पडत नसेल. औषध कमी घेतलं तर ते व्रत होत नाही.

आकडा गेला तर उमेद कशावर टिकवायची, असंही लोक विचारतात. दर आठवड्याला किलोभर कमी झालेलं पाहून माणूस नेटाने चालतो, हे मी नाकारत नाही. पण हा आनंद दीड-दोन वर्षांत संपणारच असतो, कारण त्यानंतर शरीर नव्या वजनावर स्थिरावतं. ज्याने स्वतःचं यश फक्त काट्यावर मोजलं त्याला त्या दिवशी उपचार संपला असं वाटतं, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. भूक थोडी परत येते. पोळी-भाकर, मटण अडकतं, म्हणून जे अडकत नाही ते खाल्लं जातं: चहात बुडवलेली बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम, शिरा. वर्ध्याचा गोरसपाक जिभेवर ठेवताच विरघळतो. लहान झालेलं जठर त्याला अडवत नाही, आणि दिवसभर तुकडा तुकडा गेला तर शेवटी पोटभर जेवल्याएवढ्या कॅलरी होतात. बायपास झालेल्यांना जास्त गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर येते आणि शरीरच तंबी देतं; स्लीव्हमध्ये ही तंबी फारशी मिळत नाही. दारूचंही तसंच. बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला आढळतो. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, एवढ्यावर विसंबण्याइतकं भोळं कुणी वर्ध्यात राहत नाही. मी वजनाऐवजी आता जे विचारते ते असं: जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, कमरेचा घेर किती, कालच्या दिवसात प्रथिनं कशातून आली, गोळ्या चालू आहेत का, आणि मग वजन. २०२५ पासून वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. भूक घालवून वजन उतरवण्याचा मार्ग तिथेही तोच, त्यामुळे ती घेणाऱ्यांसाठीही माझ्या वहीतला क्रम मी बदललेला नाही.

गोळ्यांबद्दल मात्र थोडं कठोर बोलावं लागतं. स्लीव्ह असो की बायपास, जीवनसत्त्वं, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह हे जन्मभर घ्यायचं असतं. ‘आता बरं वाटते’ म्हणून वर्षभराने गोळ्या सुटतात, आणि बी-१२ चा साठा हळूहळू आटत असल्यामुळे परिणाम दोन-तीन वर्षांनी, हातापायांच्या मुंग्यांच्या रूपाने दिसतो. तोवर शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नाही. बाळंतपणाचा विचार शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने पुढे ढकलावा, हेही नव्या सुनांच्या घरी मोठ्या माणसांना समोर बसवून सांगावं लागतं.

तुमची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं असेल आणि या वर्षात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन तपासलं नसेल, तर या महिन्यात तपासून घ्या. त्यासाठी नागपूरला जावं लागत नाही. रक्ताचे नमुने वर्ध्यातच घेतले जातात.